बो निकलने गॉर्डन रायनशी लढत घ्यायला हवी होती का?

मातीवाला: माझं मत, नाही. पेन स्टेट विद्यापीठाकडून तीनदा एनसीएए (अमेरिकेची महाविद्यालयीन कुस्ती स्पर्धा) विजेता झालेला पैलवान निकल 2019 मध्ये सबमिशन ग्रॅपलिंगला, म्हणजे पेचात अडकवून हार मानायला लावायच्या खेळाला, उतरला, आणि समोर कोण? त्याच वर्षी एडीसीसीत (या खेळाच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत) 99 किलो आणि खुला असे दोन्ही गट मारलेला रायन. निकल त्रिकोणी पेचात (पायांनी मान आवळणाऱ्या) सापडला आणि टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. कुस्तीत गुण वाचवणाऱ्या सवयी इथे गळा देतात. पाठ टेकू नये म्हणून पोटावर वळलात की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांत अडकवतो आणि मानेखालून हात घालतो.

दुहेरी_पट: साफ असहमत. मार्क केर 1992 चा एनसीएए विजेता. त्याने 1999 आणि 2000 मध्ये एडीसीसीचा वरचा वजनगट जिंकला, 2000 मध्ये खुला गटही. निक रॉड्रिगेझ कुस्तीतूनच आला आणि 2019 मध्ये रौप्य घेऊन गेला. एडीसीसीचे नियमही पैलवानाच्या बाजूचे आहेत: पहिल्या निम्म्या वेळात गुण नाहीत, नंतर पाडलं की 2, गार्डमध्ये (खालच्याच्या पायांच्या विळख्यात) न अडकता पाडलं की 4, आणि आपणहून खाली बसणाऱ्याला उणे 1.

मातीवाला: पाडण्यात निकलला कोण हरवणार! प्रश्न त्यानंतरचा आहे. वर आलेला पैलवान डोकं छातीशी घालून एक हात गादीवर टेकवतो. त्रिकोणाला नेमकं तेवढंच लागतं, एक हात पायांच्या आत आणि एक बाहेर. पाय मानेवर आडवा येतो, त्याचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीत अडकतो, डोकं खाली ओढलं जातं. एका बाजूने मांडी आणि दुसऱ्या बाजूने स्वतःचाच खांदा मानेच्या शिरा दाबतो. तिथे ताकद लावून काही होत नाही.

गार्डप्रेमी: म्हणून तालीम आधी बचावाची हवी. दोन्ही हात आत किंवा दोन्ही बाहेर, कणा ताठ, नजर वर. एकेरी पट (एक पाय धरून पाडणं) काढताना डोकं बाहेरच्या बाजूला गेलं आणि मान वाकली की गिलोटिन, म्हणजे समोरून हाताने मान आवळणारा पेच, बसतो. टाचेच्या पेचात (टाच पिळून गुडघा मुरगाळणाऱ्या) तर झटका देऊन सुटायचा मोहच नको: दुखायच्या आत गुडघ्याचे स्नायूबंध फाटतात, पकड पक्की बसली की लगेच टॅप. एवढी तयारी झाल्याशिवाय रायनसमोर उभं करणं हा जुळवणाऱ्यांचा दोष, निकलचा नव्हे.

दुहेरी_पट: दोष कसला? वरच्या दर्जाशी भिडल्याशिवाय भोकं दिसत नाहीत. 2022 मध्ये याच निकलने मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतीत डोनोव्हन बियर्डला पहिल्याच मिनिटात टॅप करायला लावलं, आणि पेच होता त्रिकोणी.