स्मार्ट प्लग घरातल्याच यंत्रणेला जोडा, कंपनीच्या सर्व्हरला नको

शिवाजीपेठकर:
परवा इथं एकानं ठोकून दिलं, "स्मार्ट प्लगला कंपनीचं ॲप पुरतं, होम असिस्टंट हा रिकामटेकड्यांचा उद्योग." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. स्मार्ट प्लग म्हणजे फोनवरून चालू-बंद होणारा सॉकेट, आणि होम असिस्टंट म्हणजे अशी उपकरणं सांभाळणारं, घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर. बऱ्याच स्वस्त वायफाय प्लगना फोनवरून दिलेला हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, मग तुमच्या हॉलमध्ये परत येतो. गल्लीत खोदाई होऊन केबल तुटली की राऊटर चालू असूनही हातभरावरचा दिवा फोनला दाद देत नाही. उद्या कंपनीनं सर्व्हर बंद केला तर हाती नुसता महागडा सॉकेट राहतो. तुया कंपनीचे प्लग होम असिस्टंटला जोडलेत तरी त्याचं अधिकृत इंटिग्रेशन (जोडणी) क्लाऊडवरूनच, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरूनच चालतं, हे कुणी सांगत नाही. झिग्बीचे (वायफायऐवजी वापरायची बिनतारी पद्धत) प्लग घेऊन त्यांचा डोंगल होम असिस्टंटला लावा किंवा मॅटरवाले प्लग घ्या. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट उपकरणांसाठीचं सामाईक मानक 2022 मध्ये आलं, त्याचे हुकूम घरातल्या घरातच फिरतात.

राजारामपुरी आठवी गल्ली:
ते वाक्य माझंच, आणि मी मागं घेत नाही. माझी आई घरी एकटी असते. तिला ॲपचं एक बटण कळतं. तुमचं होम असिस्टंट ज्यावर चालतं त्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड गेलं आणि तुम्ही पुण्यात असाल, तर घर कोण चालवणार? आमच्या मेव्हण्याकडं हेच झालं. वहिनींनी सगळं काढून साधी बटणं बसवून घेतली.

उचगाव वायरमन:
दोघंही लोडचं बोलत नाही. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअर खातो. त्याला 10 अँपिअरचा प्लग लावून तासन्‌तास चालवलेले बघितलेत, पिना काळ्या पडलेल्या असतात. 16 चाच घ्या. पाण्याच्या मोटरीला तर थेट लावूच नका. सुरू होताना ती कित्येक पट करंट ओढते, प्लगमधल्या रिलेचे, म्हणजे आतल्या स्विचचे, पॉइंट चिकटतात. ॲपवर 'बंद' दिसतं आणि मोटर कोरडी फिरत राहते. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेपणारा स्विच पाहिजे.

कसबा बावडा:
मोटरीचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्या गल्लीत एकानं चावीच्या, म्हणजे नळाच्या लाइनलाच मोटर जोडलीय, टायमर पहाटेचा. पाणी आलं की ती आपोआप सुरू. आमच्या चावीला नुसती हवा! बायका घागरी घेऊन ताटकळतात. ऑटोमेशनच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्या.

शिवाजीपेठकर:
तो विषय वेगळा आहे. माझी मोटर हौदातून वरच्या टाकीत चढवते.

कसबा बावडा:
वेगळा कसा? झोपेतही दुसऱ्याचं पाणी ओढायची सोय याच प्लगनं झाली!

गंगावेस:
सगळेच लावतात. शेजाऱ्यानं लावली म्हणून मीही लावली. आम्ही काय तहानेनं मरायचं?

कसबा बावडा:
म्हणजे तुमच्या शेजाऱ्यानं तुमच्याबद्दल हेच म्हणायचं. लाज वाटू द्या जरा.

उचगाव वायरमन:
गंगावेसवाले, मोटर लाइनमधून ओढते तेव्हा आतला दाब उणे होतो. पाइपला कुठं गळती असली तर तिथून गटारीचं पाणी आत येतं. ते तुमच्याच टाकीत जातं.

राजारामपुरी आठवी गल्ली:
मूळ विषयावर या. नेट गेलं तरी घरातलं चालतं, एवढं मान्य करतो. मेमरी कार्डाचं उत्तर अजून आलेलं नाही.

शिवाजीपेठकर:
कार्डाऐवजी एसएसडी (जास्त टिकणारी डिस्क) लावा, बॅकअप दुसरीकडं ठेवा. प्लगवरचं बटण हातानं दाबलं तरी चालतंच, आईंना तेवढं पुरे. आणखी एक: 'वीज आल्यावर काय करायचं' ही सेटिंग असेल तर ती 'बंद' वर ठेवा. नाहीतर लाइट गेली-आली की इस्त्री आपोआप तापायला लागते.

राजारामपुरी आठवी गल्ली:
ही सेटिंग माझ्या ॲपमध्येही आहे. त्यासाठी तुमची यंत्रणा लागत नाही. पण एसएसडीचं बघतो.

गंगावेस:
वायरमनदादा, कॉन्टॅक्टर बसवायचे किती घेता?

उचगाव वायरमन:
हौदावरची मोटर असेल तर येतो. चावीच्या लाइनवरची असेल तर बोलवू नका.