विषय: हिरवी पट्टी आणि मराठी पासवर्ड

नमस्कार मंडळी,
पासवर्ड म्हणून एक लांबलचक मराठी शब्द रोमन लिपीत टाकला, शेवटी दोन आकडे. एका साइटवर पासवर्डची ताकद दाखवणारी पट्टी हिरवी, दुसरीकडे त्याच पासवर्डला लाल! कुणाचं खरं मानू?

---

ताई, दोघांचंही नका मानू.

लाल पट्टी बहुधा फक्त कॅपिटल अक्षर आणि चिन्ह आहे का एवढंच बघते. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या 'एनआयएसटी' या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत असली सक्ती नकोच म्हटलंय.

हिरवी पट्टी 'झेडएक्ससीव्हीबीएन'सारख्या साधनाची असावी. ड्रॉपबॉक्सने ते २०१२ मध्ये सर्वांना खुलं केलं. किती प्रयत्नांत पासवर्ड सापडेल याचा अंदाज बांधून ते ० ते ४ गुण देतं. तारखा, कीबोर्डवरच्या सलग कळा, 'ओ'च्या जागी घातलेलं शून्य, सगळं त्याला कळतं. मला ते मनापासून आवडतं. पण त्याच्याकडचे शब्द इंग्रजी विकिपीडियातले, नावं-आडनावं अमेरिकेतली. मराठी शब्द त्याला अक्षरांची निरर्थक माळ वाटते आणि पूर्ण गुण मिळून जातात! फोडणाऱ्याचं तसं नाही. हॅशकॅट किंवा जॉन द रिपर या पासवर्ड फोडायच्या साधनांना कुठल्याही भाषेतल्या शब्दांची यादी पुरवता येते, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे दर शब्दामागे जेमतेम १०० प्रयत्न. तो पासवर्ड आजच बदला.

---

काका, बदलला. फुटलेल्या पासवर्डांची यादी असते म्हणतात, तिथे तपासू का? पण तपासायला पासवर्ड परक्याच्या हाती द्यायचा?

---

द्यावा लागत नाही. अशी यादी ठेवणाऱ्या 'हॅव्ह आय बीन पोन्ड' या साइटवर पासवर्डचा ४० अक्षरी हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणिताने काढलेला ठसा, तुमच्याच ब्राउझरमध्ये तयार होतो आणि त्यातली पहिली ५ अक्षरंच बाहेर जातात. त्या ५ अक्षरांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात, जुळणी तुमच्याकडेच होते. मात्र यादीत नाही म्हणजे भक्कम, असं नव्हे. फुटलेल्यांच्या त्या यादीत अजून आलेला नाही, इतकंच. कुठल्याही अनोळखी 'ताकद तपासा' पानावर खरा पासवर्ड कधीच टाकू नका.

आणि मराठी शब्द सोडायची गरज नाही, फक्त निवड मनाने करू नका. डाइसवेअर पद्धतीत ७,७७६ शब्दांची यादी असते, ५ वेळा फासा टाकला की एक शब्द ठरतो. असे ६ शब्द घ्या. यादी उघड असली तरी चालते, कारण कोणते शब्द आले ते फक्त फाशाला आणि तुम्हाला ठाऊक.

---

मग मराठी शब्दांची यादी करायला घेते. पहिले ५०० शब्द रविवारपर्यंत इथे पाठवते, बाकीचे वाटून घेऊ या का?