मदत हवी आहे: मला कोविड, मांजरीला शिंका

नमस्कार मंडळी,

परवा माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली. ताप उतरलाय, घसा अजून धरलेला आहे. पण काळजी चिंगीची आहे. चार वर्षांची मांजर, माझ्या उशाशीच झोपते. टेस्टच्या आधी अंगात ताप होता त्या दोन्ही रात्री ती माझ्या मानेला चिकटून होती. आज सकाळपासून सात-आठ शिंका, डाव्या डोळ्यातून पाणी, आणि खाणं निम्म्यावर.

मी खोलीत बंद. तिचं सगळं धाकटी बहीण बघते. चिंगी दाराखालच्या फटीतून पंजा आत घालून चाचपडत राहते, बघवत नाही.

हे माझ्यामुळे झालं का? तिच्याकडून बहिणीला लागेल का? अंग गरम लागतंय, तर माझ्या पॅरासिटामॉलचा पाव तुकडा चालेल का? मांजरांचा करोना जीवघेणा असतो असंही वाचलं, तेव्हापासून हातपाय गळालेत.

प्रतिसाद – वाघाटी

आधी गोळी बाजूला ठेवा! पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे. तिच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड-पंजे सुजतात. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. चुकून पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

आता तुमचा प्रश्न. हो, कोविडचा विषाणू माणसाकडून मांजरीला लागतो. मार्च २०२० मध्ये बेल्जियममध्ये एका आजारी माणसाच्या मांजरीत सापडला, पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघांत. विषाणू पेशीत शिरताना ज्या एसीई-२ प्रथिनाला धरतो, ते मांजरीत आपल्यासारखंच आहे. पण बहुतेक मांजरांना त्रास सौम्य होतो, काहींना काहीच होत नाही. आणि शिंका व एका डोळ्यातून पाणी म्हटलं की मला आधी मांजरांचा नेहमीचा हर्पिस विषाणू आठवतो. तो अंगात दबून राहतो आणि ताण आला की उसळतो. तुम्ही दाराआड गेलात, हा तिच्यासाठी ताणच आहे.

बहिणीला धोका मुख्यतः तुमच्याकडून आहे. मांजरीकडून माणसाला लागल्याची उदाहरणं फार थोडी. २०२१ मध्ये थायलंडमध्ये नाकातला नमुना घेताना मांजर एका महिला पशुवैद्यकाच्या तोंडावर शिंकली आणि त्या डॉक्टरला लागण झाली. मास्क होता, डोळे उघडे होते. म्हणून बहिणीने मास्क लावावा, मातीचा ट्रे साफ केल्यावर हात धुवावेत. चिंगीला मास्क नको, अंगाला सॅनिटायझर तर नकोच, ती चाटणार.

प्रतिसाद – पायरीवरची

जीवघेणा म्हणून वाचलात तो वेगळा विषाणू. मांजरांचा स्वतःचा करोना जुना आहे, बहुतेकांना त्यात काहीच होत नाही किंवा थोडे जुलाब होतात. काही थोड्यांत तो बदलून एफआयपी हा गंभीर आजार होतो. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये त्याचीच साथ होती. तो माणसाला होत नाही, आणि तुमच्या कोविडमधून तिला एफआयपी होत नाही.

खाण्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ओलं खाणं कोमट करून द्या, नाक चोंदलं की वास येत नाही म्हणून मांजर तोंड लावत नाही. दिवसभर काहीच गेलं नाही किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागली तर लगेच न्या. निघण्याआधी फोनवर घरात कोविड आहे हे सांगा.

धागाकर्ती

खूप आभार. गोळी बहिणीने कापूनही ठेवली होती, फेकली. पशुवैद्यकांशी फोनवर बोलले, उद्या सकाळी बहीण नेईल. कोमट केल्यावर अर्धी वाटी खाल्लंन! एकच विचारते, माझा वापरलेला टी-शर्ट तिच्या अंथरुणात ठेवू का? वासाने शांत होते.

वाघाटी

आत्ता अंगातला नको. आजारी पडायच्या आधीची, कपाटातली एखादी ओढणी बहिणीला काढायला सांगा. आणि दाराशी बसून बोलत राहा तिच्याशी, आवाजाला काही बंदी नाही.