निवृत्तीनंतर कुठे: वर्धा, दापोली की आहे तिथेच पुणं?

धामकाठ

पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. नोकरीपायी पुण्यात आलो, मुलं इथेच शिकली आणि बाहेर पडली. आता पुण्यात राहायला तसं कारण उरलेलं नाही. वर्ध्याला वडिलांचं घर आहे, कुलूप लावलेलं. बायकोचं माहेर दापोलीजवळ, तिकडे तिच्या वाट्याला आलेली पाच-सहा गुंठे जागा आहे. रोज रात्री जेवताना यावर बैठक बसते आणि ठराव न होता उठते.

ज्याला विचारावं तो दवाखाना, रेल्वे, नेटची रेंज अशी यादी काढतो. ते सगळं लागतंच. (दवाखान्याचं म्हणाल तर सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ पासून आहे.) पण माणूस एखाद्या गावात रमतो की नुसते दिवस ढकलतो, ते माझ्या मते तिथल्या हवेवर आणि त्या हवेत होणाऱ्या घरच्या जेवणावर ठरतं. आणि ही दोन वेगळी खाती नाहीत.

मे महिन्यातलं वर्धा घ्या. पारा पंचेचाळिशीला, पण हवा कोरडी ठणठणीत. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजवायचा, ऊन चढायच्या आत सोऱ्यातून जुन्या धोतरावर कुरडया घालायच्या. संध्याकाळी उचलताना त्या खडखड वाजतात. हाच उद्योग एकदा सासुरवाडीला केला, तर तिसऱ्या दिवशीही कुरडईचा मधला वेढा वाकत होता. जिथे घाम वाळत नाही तिथे कुरडई काय वाळणार? सोलकढीचं उलट. वर्ध्यात ती मी कधी दुसऱ्यांदा मागून घेतली नाही. दापोलीत मासे-भात झाल्यावर, सदरा पाठीला चिकटलेला असताना, तीच सोलकढी पुरत नाही.

विदर्भात उन्हाळ्यात दुपारी भूकच मरते. म्हणून ताक, कैरीचं पन्हं, झुणका, भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. रात्री अंगणात सडा टाकून बाजा. हे जेवण त्या हवेनंच घडवलंय. पुण्यात आमच्याकडे झुणकाही होतो आणि सोलकढीही होते, आणि दोन्ही पाहुण्यासारखी अवघडून बसतात.

माझा कौल वर्ध्याला. विरोधी मतं येऊ द्या, फक्त 'एसी लावा' एवढंच लिहू नका.

पेठेतला

एसी लावा.

बरं, आता गंभीरपणे. ज्या माणसाला या इलाख्यात कुठेही राहायची मुभा होती तो कुठे राहायचा ते बघा. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर थंडीत मुंबईत, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्यात. आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण जी दाखवतो, ती गणेशखिंडीत त्याच्या पावसाळी मुक्कामासाठीच बांधलेली. आणि तुमच्या नागपूरचे साहेब? उन्हाळा लागला की कचेरीसकट पचमढीला. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाला वर्षातून एकदा नागपूरला जावं लागतं, तर तेही डिसेंबर गाठून. एकदा मे महिन्यात अधिवेशन भरवून दाखवा, मग वर्ध्याच्या हवेबद्दल बोलू.

पुण्यात पाऊस वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर, सह्याद्रीनं गाळून दिलेला. एवढा माफक पाऊस आणि एवढ्या माफक थंडीचं दुसरं गाव दाखवा. बाकी झुणका अवघडून बसत असेल तर दोष हवेचा नाही, झुणक्याचा आहे.

तर्रीदार

काऊन बाप्पा, मे महिन्याचं काय सांगता? २०१८ मध्ये जुलैत भरवलं होतं ना नागपुरात पावसाळी अधिवेशन. एका पावसात विधानभवनाची बत्ती गुल. आमच्या हवेनं तुमच्या पुढाऱ्यांचे लाड करायचा मक्ता घेतलेला नाही.

ऊन आहेच. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ झालं होतं. (२०२४ मध्ये एका यंत्रानं ५६ दाखवले, चॅनलवाल्यांनी दिवसभर तेच दळलं, मग हवामान खात्यानं सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. आम्हाले तं आधीच माहीत होतं, कारण त्या दिवशीही टपरीवर चहा चालू होता.) पण कोरड्या उन्हावर इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. कूलरमध्ये ओल्या ताट्यांतून हवा ओढली जाते, पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. मे महिन्यात दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्के, म्हणून पाणी भराभर उडतं आणि खोली गार पडते. कोकणात हवाच पाण्यानं भरलेली, तिथे ताटीतलं पाणी उडून जाणार कुठे? कूलर लावला तर खोलीचा हमामखाना होतो. धामकाठ यांना माझं अनुमोदन. या बाप्पा परत. गोळाभातावर कडकडीत तेलाची फोडणी ओतून खायला पुण्यात कोणी सोबत बसत नाही.

चिरेबंदी

"दापोलीजवळ" म्हणजे वर की खाली, ते आधी सांगा. दापोली कॅम्प डोंगरावर आहे. इंग्रजांनी छावणीला ती जागा उगाच नाही निवडली. हर्णै, मुरूड, कर्दे खाली समुद्राला लागून. दहा-बारा किलोमीटरचं अंतर, पण मे महिन्यात वरच्या घरात रात्री पांघरूण लागू शकतं आणि खाली पंख्याखालीही उशी भिजते. "कोकणची हवा" असं एकगठ्ठा काही नसतं.

दुसरं, तुम्ही पाहिलेलं कोकण मे महिन्याचं आणि गणपतीचं. जुलै पाहिलात का? मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कपड्यांना चार दिवस कुबट वास. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. आणि हे नेहमीचं झालं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धनपासून हर्णै-केळशीपर्यंत नारळी-पोफळी काडीसारख्या मोडल्या. नारळ नव्यानं लावला की धरायला सहा-सात वर्षं जातात. साठीला लावलेल्या बागेचा हिशेब करून बघा.

एवढं सांगूनही मी इथेच राहतो, आणि धामकाठ यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. पावसाचे चार महिने आम्ही खातो ते पावसासाठीच जमवलेलं असतं. आगोटीची तयारी एप्रिलपासून चालू. कोकमाची सालं त्याच्याच रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत वाळवायची. चार-पाच पुटं होईपर्यंत वळवाची एक सर आली की सगळं ओम फस. सुके बोंबील, जवळा, कुळीथ, फणसाचे पापड. मग जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, बाहेर झड लागलेली असते आणि चुलीवर कुळथाची पिठी रटरटत असते. त्या वेळी मला महाबळेश्वरही नको आणि तुमचा गव्हर्नरही नको. शिवाय टाकळा, भारंगी, शेवळं या रानभाज्या पावसाळ्यात थोडेच दिवस मिळतात. आणून फ्रिजमध्ये ठेवायची वस्तू नव्हे ती.

पण एक ध्यानात घ्या. हवेला शिव्या खाव्या लागतात त्या बऱ्याचदा घरामुळे. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं, पुढे पडवी, पावसाच्या अंगाला झापं, अशा घरात जुलै सोसवतो. इथे जागा घेणारे शहरातले लोक सपाट स्लॅब टाकतात, मोठ्या काचा लावतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात "फार दमट आहे हो" म्हणत विकायला काढतात. वर्ध्याच्या त्या घराच्या भिंती मातीच्या आहेत की तिथेही स्लॅब झालाय?

तव्यापाशी

हवा, चीक, सोलकढी, पिठी... सगळं वाचलं. एवढ्या लिखाणात चीक शिजवणारी कुठे दिसली नाही. "पहाटे शिजवायचा." कोणी?

माझं सासर अकोल्याचं. मे महिन्यात हॉलमध्ये कूलर असतो. स्वयंपाकघरात कूलर सोडाच, पंखाही लावता येत नाही, कारण वाऱ्यानं गॅसची ज्योत हलते आणि तवा एकीकडून तापतो. बाहेर चव्वेचाळीस, आत किती असेल ते मोजायला कोणी यंत्र लावलेलं नाही. त्यात दहा भाकऱ्या थापायच्या. हॉलमध्ये बसून ज्याच्या ताटात गरम भाकरी येते त्याला वाटतं, काय हवा आणि काय जेवण, दोन्ही एकमेकांसाठीच जन्मलेत! मला पुणं आवडलं ते याचसाठी की इथल्या ओट्यापाशी मे महिन्यातही उभं राहता येतं. आणि कोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्र आहे, नको वाटलं त्या दिवशी निर्लज्जपणे आणते.

गाव निवडताना स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते बघा, जिल्हा नंतर.

बांधावरून

हवा बघून गाव निवडता येणं हीच मोठी चैन आहे. बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळी झाली की निघतो आणि फडावरच्या कोपीत पाच-सहा महिने काढतो. त्याला कोणी विचारत नाही की थंडी मानवते का. तो फक्त बाजरी-ज्वारीची पोती सोबत नेतो. म्हणजे निदान जेवण तरी हवेवर अवलंबून नाही, गाडीत मावतं.

शेंगाचटणी

बांधावरून यांचा मुद्दा जरा वेगळ्या अंगानं. मी सोलापूरचा, नोकरीसाठी बेंगळुरूत. सगळा देश ज्या हवेचे गोडवे गातो ती माझ्या दारात आहे, नऊशे मीटर उंचीवर, मे महिन्यातही पस्तिशीच्या आगेमागे. जेवणाचंही अडत नाही. उत्तर कर्नाटकातल्या लोकांच्या खानावळी गल्लोगल्ली आहेत: ज्वारीची कडक रोटी, भरलं वांगं, शेंगाचटणी, वर लोण्याचा गोळा. डोळे मिटले की सोलापूरच.

धामकाठ यांच्या हिशेबानं मी सुखात लोळायला हवा. पण पहिली काही वर्षं मी इथे लॉजवर उतरल्यासारखाच राहिलो. फरक पडला तो शेजारणीनं डिसेंबरात अवरेकाई सोलायला बसवलं तेव्हा. पावट्याच्या जातीची शेंग. थंडीच्या दोन महिन्यांत हे गाव तिच्यासाठी वेडं होतं: भिजवून साल काढलेले दाणे उपम्यात, आमटीत, फरसाणात. आता डिसेंबर लागला की मीच बाजारात शेंगांना नाक लावून वास बघतो. माझ्या मते आपलं घरचं जेवण मिळालं म्हणून गाव आपलं होत नाही, तिथला हंगाम आपल्या जिभेला लागला की होतं. या न्यायानं तुम्ही दापोलीला जावं. वर्ध्यात तुम्ही फक्त जुनंच परत खाल, तेही आईच्या हातचं नसेल.

उणे वीस

मिनेसोटातून लिहितोय. जानेवारीत उणे वीस सेल्सिअस नेहमीचंच. डोशाचं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आंबवतो. मंडळाचा गणपती, दोन घरं सोडून राहणारे नागपूरचे काका आणि एक पत्त्यांचा अड्डा आहे, म्हणून टिकलो. हवेबिवेचं फारसं मनावर घेऊ नका. निवृत्तीनंतर दुपारी चारला दार वाजवणारं कोण आहे ते मोजा.

तर्रीदार

उणे वीसमध्ये दार वाजवायला कोण येते, भाऊ?

धामकाठ

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

पेठेतला, गव्हर्नरला तीन घरं होती. मला एक निवडायचंय. आणि दोन्ही बाजूंनी बांधकामं उठलेल्या माझ्या बाल्कनीत तुमची ती माफक हवा पोचत नाही, एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतोच.

चिरेबंदी, जागा वरची आहे, कॅम्पाच्या अंगाला. बायकोनं तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला, अर्थात वादळाचा परिच्छेद गाळून. वर्ध्याचं घर मातीचंच, मागच्या दोन खोल्यांवर तेवढा स्लॅब आहे.

शेंगाचटणी, तुमचा शेवटचा मुद्दा झोंबला, पण मान्य नाही. या वयात नवा हंगाम जिभेला लावून घ्यायचा उत्साह सगळ्यांना नसतो. मला अंबाडीची भाजी हवी असते तेव्हा अंबाडीचीच हवी असते, टाकळ्यावर भागत नाही.

तव्यापाशी, आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत चूल विझायची. रात्री दहीभात नाहीतर सकाळचीच भाकरी. ती हवा कशी झेलायची हे त्या घरातल्या बायकांनीच ठरवलेलं होतं.

तव्यापाशी

नऊच्या आत विझायची म्हणजे पाचला पेटायची. ते "ठरवणं" नव्हतं, दुसरा मार्ग नव्हता. तुम्ही दोघं वर्ध्याला गेलात तर मे महिन्यात पाचला कोण उठणार, एवढंच लिहा. दापोलीत कोकमाची पुटं कोण देणार तेही लिहिलंत तर उत्तम.

चिरेबंदी

कोकमाचं सोडा, ती विकत मिळतात. माझा सल्ला: येत्या मे महिन्यात वर्ध्याचं कुलूप काढून महिनाभर राहा, आणि जुलैचा अख्खा महिना इथे भाड्यानं. खाली नको, वरच बघा. जुलैत पर्यटक पांगलेले असतात, कौलारू घर मिळून जाईल. गच्चीवरच्या पत्र्याला भुलू नका, पावसात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. घ्यायच्या आधी माळ्यावर चढून वासे बघा, वाळवी लागलेली असते.

धामकाठ

हे पटलं. मे वर्धा, जुलै दापोली, ठरलं. तव्यापाशी, पाचला मी उठणार. वरण-भात-झुणका येतो, भाकरी येत नाही. त्यासाठी गल्लीतल्या एका मावशींना आत्ताच सांगून ठेवलंय.

पेठेतला

म्हणजे घरचं जेवण शेवटी बाहेरूनच. मग आमच्या पोळी-भाजी केंद्रानं काय घोडं मारलं होतं?