07:40 ला लढाई तोडली ती चूक होती का? ‘अकिलीस’, म्हणजे नंतरची आपली ‘आयएनएस दिल्ली’

महालकर
राजेहो, 13 डिसेंबर जवळ आला की रिव्हर प्लेटच्या (दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या) लढाईबद्दल एकच वाक्य फिरत राहतं, की तीन ब्रिटिश क्रूझरनी मिळून जर्मनांच्या ‘ग्राफ श्पे’ या युद्धनौकेला हरवलं. त्यातली ‘अकिलीस’ 5 जुलै 1948 ला आपल्या नौदलात ‘दिल्ली’ म्हणून आली, त्यामुळे आपल्याला तिचा अभिमान आहे आणि असायलाच हवा. पण त्या सकाळच्या एका निर्णयावर मला आक्षेप आहे.

13 डिसेंबर 1939, सकाळचे 07:40. ‘एक्झेटर’ मार खाऊन बाजूला पडलेली, तिच्यावरचे 61 जण गेले. ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ शत्रूपासून 8,000 यार्डांवर, म्हणजे सव्वासात किलोमीटरवर पोचलेल्या. लढाई सुरू झाली तेव्हा हेच अंतर सीताबर्डीच्या किल्ल्यापासून कामठीएवढं होतं, आता ते वाडीच्याही अलीकडे आलं होतं. सहा इंची तोफेला जड जहाजाविरुद्ध हाच पल्ला पाहिजे असतो. आणि नेमका तेव्हाच या ब्रिटिश तुकडीचा प्रमुख कमोडोर हारवुडने धुराचा पडदा सोडून दोन्ही जहाजं पूर्वेला वळवली.

कारण काय, तर ‘एजॅक्स’वर फक्त 20 टक्के गोळे उरल्याची खबर. ती खबर चुकीची होती, हे हारवुडच्याच अहवालात आहे. तो आकडा एकट्या ‘ए’ टरेटचा (टरेट म्हणजे दोन तोफांचा फिरता बुरूज) होता, कारण तो टरेट 81 मिनिटं जवळजवळ सलग चालला होता. अख्ख्या जहाजाने 823 गोळे झाडले होते. तोफेमागे साधारण 200 धरले तर आठ तोफांचे 1,600, म्हणजे निम्म्याच्या आसपास साठा शिल्लक. चुकीच्या आकड्यावर लढाई तोडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

बर्डीवाला
महालकर भाऊ, हिशेब अर्धाच मांडलात. ‘अकिलीस’चा आकडा काहून सोडला? तिने 1,242 गोळे झाडले. 1,600 मधून वजा करा, उरले 358, तोफेमागे 45 च्या आत-बाहेर. मिनिटाला सहा गोळ्यांचा वेग धरला तर सात-आठ मिनिटांत कोठार रिकामं. ‘एजॅक्स’बद्दल जो आकडा चुकला, तो ‘अकिलीस’ला जवळजवळ तंतोतंत लागू होता. आणि तिच्या आठही तोफा चालू आहेत, याच भरवशावर तर तुम्ही लढाई पुढे न्या म्हणता!

आता तोफांची अवस्था बघा. एक गोळा 112 पौंडांचा, म्हणजे 51 किलो, सिमेंटचं एक भरलेलं पोतं समजा. खालच्या कोठारातून होइस्टने, म्हणजे उचलयंत्राने, तो वर येणार, माणसं तो ट्रेवर घेणार, आत ठासणार, मागे कॉर्डाइटची, म्हणजे दारूची, पिशवी सारणार, ब्रीच (तोफेचं मागचं तोंड) बंद करणार, तोफ उडणार, की पुन्हा पहिल्यापासून. एका तोफेमागे सरासरी 155 वेळा हे झालं, आणि ते सुद्धा जहाज सारखं वळणं घेत असताना. ऐंशी-नव्वद गोळ्यांनंतर तोफा इतक्या तापल्या, की उडाल्यावर मागे सरकलेली नळी आपोआप जागेवर येईना. ती रॅमरने, म्हणजे गोळा ठासायच्या दांड्याने, ढकलून पुढे आणावी लागत होती. अशा तोफेचा कागदावरचा वेग कामाचा नाही. सात-आठ मिनिटांचा साठा कदाचित बारा मिनिटं पुरला असता, पण फैरी विरळ झाल्या असत्या, आणि जवळच्या पल्ल्यावर विरळ फैरी म्हणजे शत्रूला नेम धरायला सवड.

धंतोलीकर
तुम्ही दोघंही 07:40 वर अडून बसलात. माझ्या मते लढाई हातची गेली ती त्याआधी, 06:46 ते 07:08 या बावीस मिनिटांत.

या दोन क्रूझर एकवटून मारा करत होत्या. गणित ‘एजॅक्स’ने करायचं, पल्ला आणि दिशा वायरलेसने ‘अकिलीस’ला कळवायची, आणि दोघींच्या फैरी एकच समजून सुधारायच्या. 06:40 ला 11 इंची गोळा ‘अकिलीस’च्या शेजारी पाण्यावर फुटला. किरचा डायरेक्टर टॉवरमध्ये घुसल्या. हा टॉवर म्हणजे सगळ्या तोफांचे डोळे. एकूण चार जण गेले, ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, तिच्या कॅप्टन पॅरीच्या पायांना जखमा झाल्या. काही वेळ मागच्या राखीव ठाण्यावरून तोफा चालवल्या आणि मग टॉवरमधल्या उरलेल्या माणसांनी पुन्हा काम हाती घेतलं. मरून पडलेल्या सोबत्यांच्या शेजारी बसून त्यांनी पल्ल्याचे आकडे पुढे द्यायला सुरुवात केली, हे विसरू नका.

पण 06:46 ला दोन जहाजांमधला वायरलेसचा धागा तुटला आणि ‘अकिलीस’ स्वतंत्र मारा करू लागली. तिचे गोळे अलीकडे पडत होते. वर ‘एजॅक्स’चं सीफॉक्स विमान घिरट्या घालत होतं. 06:37 ला उडालेल्या त्या विमानाशी संपर्कच 06:49 ला झाला, कारण त्याचा वायरलेस टेहळणीच्या लहरीवर लावलेला राहिला होता. त्याने कळवलं, गोळे अलीकडे पडताहेत. ते गोळे ‘अकिलीस’चे होते. ‘एजॅक्स’ला वाटलं आपले, म्हणून तिने पल्ला वाढवला. झालं, तिच्या फैरी शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे! 07:08 पर्यंत हेच चाललं. महालकर दादा, दोष द्यायचाच तर या जुळणीला द्या. त्या मिनिटांतले गोळे वाया गेले नसते तर 07:40 चा प्रश्न वेगळा असता.

महालकर
ताई, हे मान्य. बर्डीवाल्यांचं ‘अकिलीस’चं गणितही मान्य, ते मी धरायला पाहिजे होतं. तरी माझा मुद्दा उरतो. हारवुडने ‘अकिलीस’चा साठा विचारला नव्हता. तिचीही गत ‘एजॅक्स’सारखीच असेल असं त्याने गृहीत धरलं. गृहीत खरं निघालं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

शिवाय समोरची बाजू बघा. ‘ग्राफ श्पे’ने 11 इंची 600 पैकी 414 गोळे उडवले होते, उरले 186. तिच्यावर वीसच्या आसपास गोळे बसले होते, 36 माणसं मेली होती. अजून दहा मिनिटं रेटलं असतं तर?

अजनीचा
‘तर’ म्हणायला 186 हा आकडा तेव्हा हारवुडकडे कुठे होता जी? 07:40 ला ब्रिजवरून काय दिसत होतं तेवढंच धरा. 07:25 ला एका गोळ्याने ‘एजॅक्स’चे मागचे दोन्ही टरेट बंद पडले. ‘बी’ टरेटचा एक होइस्ट अडला. आठपैकी तीनच तोफा चालू. 07:38 ला तिचा डोलखांब उडाला आणि त्याबरोबर वायरलेसच्या तारा गेल्या. नऊ हजार यार्डांवरून सोडलेले चार टॉर्पेडो शत्रूने चुकवले होते, आणि त्याचा नेम अजून पक्का होता.

आणि टरेटचं चिलखत किती होतं? एक इंच, पंचवीस मिलिमीटर. समोरून येणारा गोळा 300 किलोचा. असा एक गोळा ‘अकिलीस’च्या इंजिनखोलीत बसला असता तर पाठलाग करायला उरलं कोण? ‘ग्राफ श्पे’ मोकळ्या अटलांटिकमध्ये निघून गेली असती. व्यापारी जहाजं बुडवणाऱ्या शत्रूला नजरेआड होऊ न देणं हे क्रूझरचं पहिलं काम.

ते काम ‘अकिलीस’ने दिवसभर केलं. दोघी मागच्या दोन बाजूंना, साधारण पंधरा मैलांवर. 10:05 ला शत्रूचा वेग जास्त धरल्यामुळे ‘अकिलीस’ 23,000 यार्डांपर्यंत जवळ गेली, तर तिकडून लगेच फैरी आल्या. म्हणजे माघारीनंतर अडीच तासांनीही त्याचे मोठे टरेट काम करत होते. मग 07:40 ला अजून जवळ जाऊन काय झालं असतं?

इतवारीकर
मधेच विचारतो, माफ करा. ‘दिल्ली’ला तर सहाच मोठ्या तोफा होत्या. तुम्ही सगळे आठ काहून धरता?

बर्डीवाला
बरोबर पकडलंत. 1939 मध्ये जोडतोफांचे चार टरेट, म्हणजे आठ तोफा. 5 जानेवारी 1943 ला सॉलोमन बेटांपाशी जपानी विमानाचा बॉम्ब ‘एक्स’ टरेटवर पडला, 13 जण गेले. पोर्ट्समथला दुरुस्तीत तो टरेट काढूनच टाकला आणि त्या जागी विमानविरोधी तोफा बसवल्या. आपल्याला जहाज मिळालं ते तीन टरेटचं. 18 डिसेंबर 1961 ला दीवच्या किल्ल्यावर मारा झाला तो त्याच सहा तोफांनी. 1978 मध्ये ती सेवेतून गेली. तिचा ‘वाय’ टरेट न्यूझीलंडने परत नेला, ऑकलंडच्या नौदल तळाच्या दारात तो आजही आहे.

धंतोलीकर
अजनीचे दादा, पाठलागाचं पटलं. पण रात्रीचा मुद्दाही यात जोडा. हारवुडचा बेत अंधारात पुन्हा जवळ जाण्याचा होता, आणि महालकर दादा त्याला माघार म्हणताहेत. सूर्य मावळल्यावर ‘अकिलीस’ने मुद्दाम असा मार्ग धरला, की पश्चिमेच्या उरलेल्या उजेडावर ‘ग्राफ श्पे’ची काळी आकृती स्पष्ट दिसावी आणि आपण मात्र अंधारात राहावं. 20:55 च्या सुमारास शत्रूने तीन फैरी टाकल्या, हिने पाच फैरींनी उत्तर दिलं. सकाळी तो साठा सात-आठ मिनिटांत संपवला असता, तर या पाच फैरी कुठून आल्या असत्या?

महालकर
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. वर ‘लढाई तोडली’ लिहिलं आहे, तिथे ‘दिवसाची लढाई’ असं वाचा. न विचारता गृहीत धरण्यावरचा आक्षेप मात्र मी मागे घेत नाही. दोन जहाजांपैकी कुणाकडे किती गोळे आहेत, हे दर वीस मिनिटांनी कमोडोरला कळायलाच हवं होतं, आणि तेही टरेटनिहाय. नुसती टक्केवारी कळवली की काय होतं, ते ‘ए’ टरेटने दाखवलंच.