कॅटलॉगमध्ये उपग्रहाचे नाव बदलले, तर जुन्या नोंदी दुरुस्त कराव्यात का?

गच्चीवरून, गंगापूर रोड, नाशिक
नमस्कार. गेली चार वर्षे मी संध्याकाळी दिसणाऱ्या उपग्रहांची वेळ आणि दिशा वहीत टिपतो. त्या नोंदी संगणकावर उतरवताना असे आढळले की, एकाच प्रक्षेपणातील ज्या दोन वस्तूंना कॅटलॉगमध्ये (कक्षेतील वस्तूंच्या अमेरिकी यादीत) तेव्हा ‘ऑब्जेक्ट सी’ आणि ‘ऑब्जेक्ट डी’ म्हटले होते, त्यांना पुढे उपग्रहांची नावे मिळाली आणि नंतर त्या नावांची आपसांत अदलाबदलही झाली. मी क्रमांक न लिहिता फक्त नावे लिहिली आहेत. ती खोडून नवी लिहावीत का?

सिडकोकर
कृपया खोडू नका. रडारला कक्षा समजते, नाव समजत नाही. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३७ या रॉकेटने १०४ उपग्रह सोडले. त्यांपैकी ८८ एकाच बनावटीचे, हातात मावतील एवढे छोटे ‘डव्ह’ होते. असा थवा काही मिनिटांत बाहेर पडतो, तेव्हा कोणता ठिपका कोणाचा हे उपग्रहाच्या मालकाने स्वतःच्या संदेशांशी ताडून सांगेपर्यंत तात्पुरती अक्षरेच वापरावी लागतात, आणि ओळख पटवण्यात चूक झाली असेल तर नावे पुन्हा बदलतात. म्हणून कॅटलॉग क्रमांक हा नावापेक्षा भरवशाचा. तरीही दोन वस्तू फार जवळ असल्या, तर एकीची कक्षा दुसरीच्या क्रमांकाखाली नोंदली जाण्याचा प्रकारही घडतो, हे ध्यानात असू द्या.

देवळाली कॅम्प
नाव बदलले म्हणजे आधीचे चुकलेच होते, असे नाही. १२ सप्टेंबर २००२ रोजी गेलेल्या मेटसॅट-१ चे नाव ५ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्या स्मरणार्थ कल्पना-१ झाले. २००२-०४३ए ही आंतरराष्ट्रीय खूण (प्रक्षेपणाचे वर्ष, त्या वर्षातील प्रक्षेपणाचा आकडा आणि वस्तूचे अक्षर) तीच राहिली.

अंजनेरी निरीक्षक
तुकड्यांबाबत अधिक जपावे लागते. २२ ऑक्टोबर २००१ च्या पीएसएलव्ही-सी३ चा शेवटचा टप्पा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फुटला. त्याच्या तुकड्यांना ‘पीएसएलव्ही डेब’ (डेब म्हणजे डेब्री, अवशेष) असे एकच नाव आहे आणि सर्वांच्या खुणेत प्रक्षेपणाचा २००१-०४९ हाच आकडा आहे. त्यामुळे नुसते नाव लिहिले, तर नेमका कोणता तुकडा पाहिला हे पुढे कधीच कळणार नाही.

गच्चीवरून
सर्वांचे मनापासून आभार. वेळ आणि दिशा माझ्याकडे आहे; त्यावरून क्रमांक शोधता येईल का?

सिडकोकर
नक्की येईल. स्पेस-ट्रॅक या कॅटलॉगच्या संकेतस्थळावर खाते उघडल्यास जुने कक्षा-घटक, म्हणजे त्या त्या वेळची कक्षा सांगणारे आकडे, मिळतात. मात्र आजचे घटक वापरून मागे मोजत जाऊ नका. निरीक्षणाच्या तारखेला सर्वांत जवळचे घटक घ्या आणि दोन्ही वस्तूंची गच्चीवरून दिसणारी वाट काढून वहीशी ताडून पाहा. जुळलेला क्रमांक नव्या रकान्यात लिहा आणि जुने नाव आहे तसे राहू द्या.