प्रतिसाद: आवाज म्हणजे रॅक गेला असं नाही

स्टिअरिंगमधून टकटक आवाज येतो, या तक्रारीवर वर म्हटलंय की चाक जॅकवर उचलून डावी-उजवीकडून धरून हलवलं की टाय रॉडचा (रॅक म्हणजे स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणारा दात्यांचा दांडा, त्याला चाकाशी जोडणारी सळई) प्ले म्हणजे ढिलेपणा कळतो. बरोबर आहे, पण अर्धंच. चाक हवेत असताना सांध्यावर भार नसतो, त्यामुळे थोडा झिजलेला सांधा तिथे गप्प बसतो. त्यापेक्षा गाडी चारही चाकांवर उभी ठेवा, इंजिन बंद, स्टिअरिंग लॉक उघडा. एकाला स्टिअरिंग भराभर दोन-तीन इंच डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही टाय रॉड एंडवर, म्हणजे सळईच्या चाकाकडच्या सांध्यावर, बोटं ठेवा. टकटक बोटांनाच लागते. नंतर रबरी बूट (आवरण) दाबून आतला रॅक एंड, म्हणजे सळईचा रॅककडचा सांधा, चाचपा. तो बाहेरून दिसत नाही म्हणून बहुतेक गॅरेजांत सुटतो. दोन्ही घट्ट असतील तर पेडलच्या वरचा, कॉलमला रॅकशी जोडणारा शाफ्ट बघा. त्याचा क्रॉस (वळणारा सांधा) झिजला तरी आवाज रॅकचाच वाटतो, आणि अख्खा रॅक बदलायचा खर्च उगाच माथी बसतो.

टाय रॉड एंड बदलताना लॉकनट (एंड जागी घट्ट धरणारा नट) जेमतेम सैल करा आणि जुना एंड किती फेऱ्यांत सुटला ते मोजा. नवा तेवढ्याच फेऱ्या बसवला की अलाइनमेंट सेंटरपर्यंत गाडी सरळ जाते. अलाइनमेंट मात्र टाळू नका, टो (चाकांची पुढची बाजू किती आत-बाहेर वळलीय ते) बिघडला की टायरची कड खाल्ली जाते. आणि फाटका बूट त्याच वेळी बदला, नाहीतर पावसाळ्यात चिखलपाणी आत जाऊन नवा रॅक एंडही लवकर वाजू लागतो.